शनिवार धरून

एकोणीस वर्षं किलीबेग्जच्या कारखान्यात
बांगडे भरले खोक्यांत,
डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे.
आता डोनेगल टाउनच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते.
बटाटे. पुष्कळ बटाटे.
इथे हात गरम पाण्यात असतात,
एवढ्यासाठीच आले म्हणा.

पहिली पगारचिठ्ठी पाहिली
आणि उभ्यानेच पुन्हा पाहिली.
शंभरातले चाळीस गेलेले,
तेही पहिल्या युरोपासून.
म्हटलं, आगीतून फुफाट्यात ते हेच.

"तुमची टॅक्स क्रेडिट्स शून्य दिसतायत,"
पगार काढणारी सॉर्खा म्हणाली,
वय माझ्या धाकटीएवढं.
"मी कुठे खर्च केली?"
ती हसली नाही. बरं केलं.

मला आजवर वाटायचं, क्रेडिट म्हणजे श्रेय,
जे मॅनेजर घेतो.
किंवा उधारी, जी दुकानदार देत नाही.
ही तिसरीच जात निघाली:
हातात येणारे पैसे नव्हेत,
हातातून न जाणारे.
वर्षभराची सूट, बावन्न तुकडे केलेली,
आठवड्याला एक.
पण ती आपण होऊन माणसामागे चालत येत नाही,
आधीच्याने सोडावी लागते.

चौतीस मिनिटं फोनवर तेच व्हायोलिन.
मग एक आवाज, कॉर्ककडचा,
वाक्याच्या शेवटी जिना चढणारा:
"बाई, आमच्या लेखी तुम्ही अजून दोन्हीकडे आहात.
जुन्यांनी तुमची शेवटची तारीखच कळवलेली नाही.
असं समजा, जुन्या घरी तुमचं ताट वाढून झाकून ठेवलंय
आणि तुम्ही नव्या घरी उपाशी बसलाय."
बहुधा त्याच्या जेवणाची वेळ झाली होती.

फोन ठेवला, तरी 'दोन्हीकडे' जाईना.
खरंच तर होतं.
पहाटे पावणेपाचला जाग येते अजून,
बटाटा सोलताना अंगठा कल्ल्याची जागा शोधतो,
बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडते
किंवा मला तसं वाटतं.
सरकारला हे इतकं अचूक कसं कळलं?

बुधवारी सुटल्यावर गेले.
बर्फखान्यावरच्या खोलीत मॅलकी बॉनर,
पडद्यावर माझं नाव उघडंच.
"ये, अट्रॅक्टा. तारीख कुठली घालू?"
"शुक्रवार, तेरा. त्यात विचारायचं काय?"
"आणि चौदा?"

चौदाला मी अशीच गेले होते.
नवी पोरगी सुरी उलटी धरायची,
बोट गेलं असतं तिचं.
सहा तास.

मॅनेजर नाही म्हणत होता,
मॅलकी हो म्हणवून घेत होता,
तोवर खातं उघडं ठेवलेलं.
एकदा मिटलं, की मागे वळून कोण देतंय?

मी भांडायला गेले होते,
बसमध्ये वाक्यं पाठ केली होती.
"तुझ्या सहा तासांपायी माझे दोन पगार कापले गेले, ठाऊक आहे?"
एवढंच म्हटलं, तेही खुर्चीत बसून.
"ते परत मिळतात," तो म्हणाला,
"हे नसते मिळाले."

त्याने चौदा टाइप केलं. शनिवार.
एक कळ दाबली, आवाजसुद्धा झाला नाही.
खाली बर्फ फुटत होता.

पुढच्या चिठ्ठीत कराच्या रकान्यात
आकड्याआधी आडवी रेघ.
"आता काय चुकलं?"
"उणे आहे ते," सॉर्खा म्हणाली. "म्हणजे ते तुम्हाला देतायत."
जन्मभर लोकांनी उणंदुणं काढलं,
उण्याने काही दिलेलं
पहिल्यांदाच पाहिलं.

कारखान्याचं पाकीट टपालाने वेगळं आलं:
सहा तास, कर शून्य.
नवी पोरगी आता सुरी कशी धरते,
ते मॅलकीला विचारायचं राहिलं.